देणगीदाराला शाल नको, पोच द्या

आमच्या सोलापुरी चादरीच्या धंद्यात एक साधा रिवाज आहे. माल बांधला, गाठी ट्रान्सपोर्टला दिल्या, बिल्टी पाठवली, एवढ्याने काम संपत नाही. समोरच्या व्यापाऱ्याकडून ‘माल मिळाला, नग बरोबर आहेत, गाठ भिजलेली नाही’ अशी पोच येईपर्यंत दुकानदाराच्या जिवाला घोर असतो. पूर्वी ही पोच पोस्टकार्डाने येई, मग फोनवर येऊ लागली, आता मोबाईलवर येते. साधन बदलले, गरज बदलली नाही. जो व्यापारी पोच देत नाही, त्याला दुसऱ्या खेपेस माल पाठवताना हात आखडतो.

आपल्या जमातीच्या संस्थांना जो माणूस जकात, सदका किंवा इमदाद देतो, त्याची अवस्था माल पाठवणाऱ्यासारखीच असते. त्याने पैसा दिला, छापील पावती घेतली. ही झाली बिल्टी. पैसा जिथे पोहोचायचा तिथे पोहोचला काय, हे त्याला कळत नाही. पुढच्या रमजानमध्ये तेच पावतीपुस्तक घेऊन तोच माणूस पुन्हा दारात उभा राहतो. मधल्या अकरा महिन्यांत संस्थेकडून एक शब्द येत नाही, किंवा आलीच तर जलशाची दावतपत्रिका येते.

देणगीदारांचे आभार मानण्यासाठी कार्यक्रम कसा करावा, हा आजचा विषय आहे. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि मराठी बाजारात शिकलो, तेव्हा भाषेची चूक पोटात घालावी. विद्यार्थ्यांना फी आणि पुस्तके देणाऱ्या एका लहान ट्रस्टचा मी बरीच वर्षे खजिनदार आहे. असा कार्यक्रम आम्ही एकदा फार चुकीचा केला. त्या चुकीतून जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या मस्जिद, मदरसा, शाळा किंवा दवाखान्याच्या कमिटीवर असतात.

आमचा पहिला जलसा

रमजानची वसुली त्या वर्षी चांगली झाली होती. कमिटीत ठरले की देणगीदारांचा शुक्रिया अदा करण्यासाठी ईदनंतर एक शानदार कार्यक्रम घ्यावा. मंगल कार्यालय आणि मांडव २२,००० रुपये. अडीचशे माणसांचा खाना, दर ताटी १५०, म्हणजे ३७,५००. शाली आणि मोमेंटो १४,५००. दावतपत्रिका आणि बॅनर ६,०००. माईक आणि फोटोवाला ४,०००. एकूण ८४,००० रुपये.

मोठे देणगीदार पुढे सोफ्यावर आणि बाकीचे मागे खुर्च्यांवर बसले. पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावले होते, ते दीड तास उशिरा आले. मग गुलपोशी आणि भाषणे झाली. एका साहेबांनी पावती फाडतानाच ‘माझे नाव कुठे घेऊ नका’ असे सांगितले होते. निवेदकाच्या हातातल्या यादीत तसे लिहिलेले नव्हते. त्याने माईकवरून रकमेसह नाव पुकारले. ते साहेब मान खाली घालून उठले आणि बाहेर गेले.

त्यानंतर आम्ही मदत घेणाऱ्या मुलामुलींना स्टेजवर उभे केले. ‘हेच ते गरीब विद्यार्थी’ असे निवेदक म्हणाला आणि फोटो निघाले. पुढच्या वर्षी त्यातल्या एका हुशार मुलीचा अर्ज आला नाही. चौकशी केली तेव्हा तिची आई म्हणाली, ‘भाई, फी आम्ही कर्ज काढून भरू, पण पोरीला पुन्हा तिथे उभी करणार नाही.’

खाना कोणाच्या पैशाचा?

खरा धक्का जेवणाच्या वेळी बसला. आमच्या पेठेत एक वयस्क टेलर मास्तर आहेत. ते दर महिन्याला १०० रुपये देतात आणि एकही महिना चुकवत नाहीत. ते ताट न घेता बाजूला उभे होते. मी म्हणालो, ‘चाचा, बसा ना.’ त्यांनी मला जवळ ओढून हळू आवाजात विचारले, ‘सेठ, ये खाना जकात के पैसे का तो नईं है ना?’

मी खजिनदार होतो, पण मला उत्तर देता आले नाही. जकात, सदका आणि साधी इमदाद, सर्व रकमा आम्ही एकाच बँक खात्यात भरत होतो. जलशाचे चेक त्याच खात्यातून गेले होते. कोणता रुपया कोणत्या मदीचा, हे सांगायला माझ्याकडे वही नव्हती. दुकानात मी रोजमेळ रात्रीच्या रात्री जुळवतो, पण अमानतीच्या पैशाचा रोजमेळ मी जुळवला नव्हता. मास्तर पाणी पिऊन सलाम करून निघून गेले.

त्या रात्री मी हिशेब मांडला. एका विद्यार्थ्याला आम्ही वर्षाला ७,००० रुपये देत होतो. ८४,००० भागिले ७,००० म्हणजे बारा विद्यार्थी. त्या वर्षी पैसे नाहीत म्हणून आम्ही जे अर्ज परत केले होते, त्यांची फाईल माझ्याच कपाटात होती.

पुढच्या बैठकीत मी गोष्ट काढली. दोन तास वादावादी झाली. शेवटी आठही विश्वस्तांनी प्रत्येकी १०,५०० रुपये खिशातून भरून ती रक्कम पुरी केली. काहींनी एकदम दिले, काहींनी हप्त्याने, मी स्वतः तीन हप्त्यांत. मग दोन खाती केली, एक जकातीचे आणि एक इमदादीचे, आणि पावतीपुस्तकेही दोन रंगांची छापली. मास्तरांच्या दुकानात जाऊन मी हे सर्व सांगितले. शिलाई न थांबवता ते एवढेच म्हणाले, ‘अच्छा किया.’

आभार मानावेत की मानू नयेत?

काही भाई म्हणतात की देणारा अल्लाहसाठी देतो, त्याचे आभार कशाला? सूरह दहरमध्ये नेक लोक भुकेल्याला खाऊ घालतात आणि त्याबद्दल बदला किंवा शुक्रिया मागत नाहीत, असे वर्णन आहे. परंतु ही देणाऱ्याच्या मनाची गोष्ट झाली. घेणाऱ्याचे कर्तव्य वेगळे आहे. माणसांचे आभार मानणे आणि अल्लाहचे आभार मानणे या दोन गोष्टी हदीसमध्ये एकमेकींना जोडलेल्या आहेत (अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणजे देणाऱ्याने मागू नये आणि घेणाऱ्याने चुकवू नये.

सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि दुःख देऊन सदका वाया घालवण्यास मनाई आहे. आम्ही त्या मुलांना स्टेजवर उभे केले तेव्हा देणगीदारांच्या वतीने नेमके तेच केले. आभार मानण्याचा कार्यक्रम घेणाऱ्याची इज्जत घालवत असेल, तर तो देणाऱ्याच्या पुण्यावरही पाणी सोडतो.

शालीबद्दल एक कबुली

सत्काराच्या शाली मीही विकतो, म्हणून हे बोलण्याचा मला हक्क आहे. सत्कारासाठी जी शाल घेतात ती डझनाच्या भावाने मागतात. ती दिसायला झगझगीत आणि हाताला खरखरीत असते. घरात ती कोणी पांघरत नाही. एकाने दिलेली दुसऱ्याच्या सत्काराला जाते. काहीजण तर पिशवी न फोडता ‘बदलून टॉवेल द्या’ म्हणून माझ्याच दुकानात आणतात. अशा वस्तूने कोणाचा सन्मान होतो? मोमेंटोची गतही तीच, कपाटावर धूळ खात पडतो.

मोठ्या दात्याचे नाव इमारतीला देण्याचीही रीत जुनी आहे. मुंबईत भायखळ्याला हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून उभी आहे. तिच्यात शिकून किती पिढ्या कामाला लागल्या, त्या नावामागे ते काम आहे म्हणून त्या नावाला वजन आहे. पण महिना १०० रुपये देणाऱ्याच्या नावाची इमारत होत नाही. त्याचे आभार कसे मानायचे, हा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या वर्षी काय केले

१) खर्च आधी ठरवला. एकूण खर्च ९,६०० रुपये: चहा, समोसा, खजूर १४० माणसांना ४० प्रमाणे ५,६००, खुर्च्या आणि माईक २,२००, छपाई आणि पत्रे १,८००. जागा शाळेचे पटांगण. हा खर्च आठ विश्वस्तांनी प्रत्येकी १,२०० प्रमाणे उचलला आणि तसे दावतपत्रिकेवर छापले: ‘या कार्यक्रमाचा खर्च देणगीच्या पैशातून केलेला नाही.’ जकात कोणाकोणावर खर्च करता येते ते सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिले आहे. त्यात जकात गोळा करणाऱ्यांचा हिस्सा आहे, पण जकात देणाऱ्यांच्या दावतीचा नाही. शंका असेल तर आपल्या आलिमांना आधी विचारावे, खर्च झाल्यावर नको.

२) यादी खतावणीवरून केली. रक्कम पाहून नव्हे, जितकी नावे वहीत तितक्या पत्रिका. ज्यांच्या गल्ल्यावर आमचा डबा असतो ते दुकानदार, उन्हात पावत्या फाडत फिरणारी मुले, फुकट हिशेब लिहून देणारे मुनीमजी, यांनाही बोलावले. ते पैसा देत नाहीत, वेळ देतात, आणि व्यापाऱ्याला वेळेची किंमत सांगावी लागत नाही. सोफा ठेवला नाही. जो आधी आला तो पुढे बसला.

३) बायकांना त्यांच्या नावाने बोलावले. आपल्याकडे पुष्कळ घरांत पावती शौहरच्या नावाची असते आणि पैसा बेगमच्या दागिन्यांवरच्या जकातीचा असतो. पावतीवर तिचे नाव लिहिण्याची सोय केली, वेगळी बैठक ठेवली, आणि हिशेबाचा कागद तिकडेही वाटला. सर्वात नेमके प्रश्न त्याच बाजूने आले.

४) वेळ बाजार पाहून ठरवली. रमजान म्हणजे कापडवाल्याचा सीझन, त्याला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. लग्नसराईतही बोलावू नये. ईदचा हिशेब मिटल्यावर, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, असरनंतर मगरिबपर्यंत कार्यक्रम ठेवला. नमाजची वेळ झाली की कार्यक्रम आपोआप संपतो, भाषण लांबत नाही.

५) पाहुणा बोलावला नाही. तिलावत झाली आणि मग मी दहा मिनिटे हिशेब वाचला. त्यानंतर ट्रस्टच्या मदतीने शिकून आज नोकरी करणारा एक तरुण पाच मिनिटे बोलला. त्याला आधी विचारले होते आणि ‘नाही म्हणालास तरी चालेल’ असेही सांगितले होते. सध्या मदत घेणाऱ्या एकाही मुलाला स्टेजवर आणले नाही, त्यांची नावे कोणत्याही कागदावर छापली नाहीत. उरलेली वीस मिनिटे प्रश्नांना दिली.

६) त्या दिवशी पैसा मागितला नाही. हा मुद्दा कमिटीत सर्वात जड गेला. एक विश्वस्त म्हणाले, ‘एवढी माणसे जमलीत, झोळी फिरवली तर खर्च निघेल.’ पण गिऱ्हाइकाला चहाला बोलावून त्याच्यापुढे थान उलगडले, तर तो चहा राहत नाही. एक साहेब स्वतःहून खिशात हात घालू लागले, त्यांनाही म्हणालो, ‘आज नको, उद्या दुकानात येतो.’

पोच म्हणजे एक कागद

कार्यक्रमात प्रत्येकाच्या हातात एकच कागद दिला. एका बाजूला मागील शिल्लक, जकात जमा, इमदाद जमा. दुसऱ्या बाजूला फी, पुस्तके, वसतिगृहाची मेस, कार्यालयीन खर्च, आणि खाली शिल्लक. जकातीचे आकडे वेगळ्या रकान्यात. त्याखाली तीन ओळी: अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती परत केले. परत केलेल्यांचा आकडा छापू नये असे काहींचे म्हणणे होते, संस्थेची कमजोरी दिसते म्हणून. पण बिल्टीवर दहा गाठी लिहून आठच पोहोचल्या असतील तर पोचेत आठच लिहावे लागते. तो आकडा वाचून लोकांना उरलेले काम कळले.

एक सावधगिरी सांगतो. कागदावरचे आकडे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणारे ऑडिट झालेले हिशेब यांत फरक असता कामा नये. ऑडिट व्हायचे असेल तर ‘ऑडिटपूर्व’ असा शब्द कागदावर छापावा.

नाव घ्यावे की झाकावे

सूरह बकराच्या २७१ व्या आयतीप्रमाणे सदका उघड देणेही चांगले आहे आणि गुपचूप गरजूला देणे अधिक चांगले आहे. म्हणजे दोन्ही रीती मान्य आहेत, निवड देणाऱ्याची. आम्ही पावतीवरच एक ओळ छापली: ‘नाव जाहीर करावे / करू नये’. पावती फाडणारा मुलगा तिथे खूण करून घेतो. ज्यांनी ‘करावे’ म्हटले त्यांची नावे अक्षरक्रमाने लावली, रकमा लिहिल्या नाहीत. त्यामुळे मास्तर आणि मिलमालक एकाच यादीत शेजारी आले.

आयकराची पावतीही पोचच

व्यापारी देणगीदाराला आणखी एक गोष्ट हवी असते. ज्या संस्थेला आयकराची ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असते, तिच्या देणगीदाराला करात सवलत मिळू शकते. ही मान्यता प्रत्येक संस्थेला मिळत नाही. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी काढलेल्या ट्रस्टला सहसा अडचण येते, आणि नव्या करपद्धतीत गेलेल्या देणगीदाराला ही सवलत घेता येत नाही. म्हणून ‘टॅक्समध्ये माफ होईल’ असे तोंडी सांगून कोणाला फसवू नये. रोख देणगीवरील सवलतीची मर्यादा २०१७ च्या अर्थसंकल्पाने १०,००० वरून २,००० रुपयांवर आणली, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्यावी. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून अशा संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून तेथून निघालेले प्रमाणपत्र द्यावे लागते. ही यादी ३१ मे पर्यंत भरण्याची रीत आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून फॉर्मचे नाव आणि मुदत दरवर्षी सी.ए.ला विचारून घ्यावी. कार्यक्रम जूननंतर असेल तर हे प्रमाणपत्र पाकिटात घालून तिथेच हाती देता येते. शालीपेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे.

जे आले नाहीत त्यांचे काय?

निम्म्याहून अधिक देणगीदार आले नाहीत. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दुकान सोडून येणे सर्वांना जमत नाही. आठ दिवसांत हिशेबाचा कागद त्यांच्या घरी पोहोचवला, बाहेरगावच्या लोकांना मोबाईलवर पाठवला. खरे सांगायचे तर वर्षातून एकदा मानलेल्या आभारापेक्षा देणगी मिळाल्यापासून आठवड्याच्या आत केलेला एक फोन अधिक मोलाचा असतो. तो फोन विश्वस्ताने स्वतः करावा, नोकराकडून नको.

या सर्वांतून फायदा झाला काय? खरे तेच सांगतो. दोन मोठे देणगीदार स्टेज नाही, शाल नाही म्हणून नाराज झाले. त्यातले एक पुढच्या वर्षी परत आले, दुसरे अजून आलेले नाहीत. ज्या साहेबांचे नाव आम्ही पुकारले होते, त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते पुन्हा देऊ लागले, पण कार्यक्रमाला येत नाहीत. लहान रकमेचे देणारे मात्र गळाले नाहीत, उलट काहीजणांनी शेजारच्याला आणले. आणि त्या मुलीच्या आईकडे आमच्यातल्या एकाची बेगम तीन वेळा गेली, तेव्हा कुठे अर्ज परत आला.

थोडक्यात

कमिटीवर असणाऱ्या बांधवांनी कार्यक्रमाची तारीख ठरवण्यापूर्वी हे पाच प्रश्न एका कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत.

खर्च कोणाच्या खिशातून आणि किती? यादी वहीवरून केली की ओळखीवरून? कोणाचे नाव घ्यायचे नाही, हे निवेदकाला लिहून दिले आहे काय? मदत घेणाऱ्या कोणाची मान खाली जाणार नाही ना? आणि घरी जाताना देणगीदाराच्या हातात हिशेबाचा कागद असेल काय?

पाचही उत्तरे मिळाली तर चहा-खजुरावरही कार्यक्रम छान होतो. पहिल्याच प्रश्नाला अडखळलात, तर तारीख पुढे ढकला आणि आधी दोन खाती वेगळी करा. आमच्या कार्यक्रमात मास्तर आता चहा घेतात. कागद घडी करून खिशात ठेवण्यापूर्वी ते जकातीचा रकाना बोट लावून वाचतात, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत मी त्यांच्याजवळ उभा राहतो.